उणे पाण्याचा हिशेब

उजनीच्या काठावर आज जी माणसं होडीत जन्मल्यासारखी होडी चालवतात, त्यांतल्या कितीतरी घरांत दोन पिढ्यांमागं कुणी वल्ह्याला हात लावलेला नव्हता. ती ज्वारीची, हरभऱ्याची, बैलाची माणसं. १९८० साली धरण पुरं झालं आणि करमाळा, माढा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांतली भीमाकाठची काळी रानं पाण्याखाली गेली. गावठाणं उठली, नवी पत्र्याची घरं माळावर उभी राहिली, आणि चाळिशीतल्या बाप्यांना पुन्हा पहिलीपासून सगळं शिकावं लागलं. जाळं कसं विणायचं, वारा कुठून उठला की माघारी फिरायचं, कटला कुठल्या खोलीवर सापडतो, चिलापी कुठं अंडी घालते. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात काय पेरायचं आणि पाणी परत चढायच्या आत ते कसं काढून घ्यायचं, हेही. त्या गाळपेरीचं वेळापत्रक कुणी छापून दिलं नव्हतं. भोई आणि कोळी समाजातल्या जाणत्यांना विचारत, चुकत, कधी जीव गमावत हे शिक्षण झालं.

माझ्या बहिणीचे सासरे, आबा, हे त्यांतलेच. ते सही करतात, पण वाचता येत नाही. तरी पाण्यावरचा वारा त्यांना पुस्तकासारखा वाचता येतो. माझ्या भाचीच्या घरच्या शिक्षणाबद्दल लिहिताना आधी आबांचं शिक्षण सांगावं लागतं, कारण तिच्या शाळेचं मूळ त्यांच्यात आहे.

भाचीची आठवी झाली आणि तिला लांबलेलं आजारपण आलं. नववीचं वर्ष हातचं गेलं. बरी झाली तेव्हा वर्गातल्या पोरी पुढं गेलेल्या, हायस्कूल लांब, एसटीचा भरवसा नाही. एका जेवणाच्या वेळी ती म्हणाली, "मला न्हाय जायचं आता." घरात कुणी आवाज चढवला नाही, आणि माझ्या पोटात खड्डा पडला तो त्यामुळंच. गावात चौदा वर्षांची पोरगी शाळेला जात नाही म्हणाली की सगळ्यांची सोयच होते. आईला हाताखाली माणूस मिळतं, शेळ्या सांभाळल्या जातात, आणि दीड-दोन वर्षांत कुणीतरी पाव्हणा एखादं स्थळ घेऊन येतो. शिक्षणहक्क कायदा आहे, पण तो ६ ते १४ वयासाठी. म्हणजे जिथं पोरीला सगळ्यात जास्त धरून ठेवायला हवं, नेमकं तिथं कायद्याचं बोट सुटतं.

शहरात 'होमस्कूलिंग' म्हटलं की लोकांना पुस्तकांनी भरलेली खोली दिसते, दोन्ही शिकलेले आईबाप दिसतात. आमच्याकडं 'घरी आहे' या दोन शब्दांचा अर्थ फार वेगळा. म्हणून मी बहिणीपुढं आणि दाजींपुढं पहिली अट ठेवली : ती घरी शिकणार असेल तर शिकण्याचा वेळ हा तिचा, त्यात भांडी नाहीत, शेण नाही. आणि दुसरी : दहावी होईपर्यंत स्थळाचा विषय घरात निघणार नाही. दाजी गप्प बसले. आबा म्हणाले, "मावशी म्हंती ते बराबर हाय." आबांनी म्हटल्यावर ते झालं.

हायस्कूल लांब आहे एवढंच सांगून इथली अडचण कळत नाही. आमच्या काठावरून समोरचं इंदापूर तालुक्यातलं गाव डोळ्यांना दिसतं, हाक मारावी इतकं. मधे पाणी. रस्त्यानं जायचं तर जलाशयाला मोठा वळसा. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जणांचा जीव गेला, त्यांत लहान मुलंही होती. त्या आठवड्यात काठावरच्या गावांत चुली नीट पेटल्या नाहीत. अशा ठिकाणी पोरगी शाळेला का जात नाही, असं कुणी सहज विचारलं की मला उत्तर द्यावंसं वाटत नाही. आधी पाण्याकडं बघा, मग विचारा.

पहिल्या सकाळी ती नवी वही घेऊन बसली. पट्टी घेऊन लाल पेनानं पानापानावर समास आखला. वर तारीख, वार. मग म्हणाली, "मावशी, टाइमटेबल?" मी म्हटलं, नाही. "मग पहिला तास कशाचा?" तासच नाही. ती गोंधळून माझ्याकडं बघत राहिली. आठ वर्षांत तिला एक गोष्ट पक्की शिकवली गेली होती, की काय शिकायचं ते दुसरं कुणीतरी ठरवतं. लहान मुलाला घरी शिकवणं त्या मानानं सोपं असावं. त्याचे प्रश्न अजून ओले असतात. चौदाव्या वर्षीच्या मुलीचे प्रश्न आत कुठंतरी जाऊन बसलेले असतात, आणि मोठं माणूस जितकं वाकून 'तुला काय आवडतं गं?' असं विचारतं तितके ते आणखी आत जातात. तिनंही खांदे उडवले. "काय न्हाय."

उजनीवर हिवाळ्यात पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात. भिगवणला, कुंभारगावला गाड्यांची रांग लागते. त्यांना वाटतं, इथल्या मुलांना पक्ष्यांचं केवढं वेड असेल! रोहित पक्ष्यांचा गुलाबी पट्टा पाण्यावर पसरलेला असतो, त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. भाचीनं तो पट्टा जन्मापासून पाहिलेला. तिला त्याचं काही नव्हतं. तिची आवड दुसरीच होती, आणि ती आवड आहे हे तिलाही माहीत नव्हतं, कारण तिच्या लेखी ते घरचं काम होतं.

रोज सकाळी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धरणाचा आकडा येतो. पाणीपातळी, एकूण साठा, उपयुक्त साठा, टक्केवारी, आवक, विसर्ग. आबांना वाचता येत नाही म्हणून तो निरोप ती वाचून दाखवायची, पाच-सहा वर्षांची होती तेव्हापासून. आजारपणातही अंथरुणावरून तिनं हे चुकवलं नव्हतं. "आबा, आज उणे बत्तीस." आबा मान हलवायचे आणि मोटर किती खाली न्यावी लागेल, पाइप पुरेल का, जाळं कुठं टाकायचं, हे त्यावरून ठरवायचे. एका सकाळी ती आकडा वाचून थांबली नाही. म्हणाली, "काल उणे एकतीस व्हतं. एक टक्का म्हंजी नेमकं किती पाणी गेलं?" मी काहीच बोलले नाही. फक्त समास आखलेली ती वही तिच्याकडं सरकवली.

तिथून सुरुवात झाली. उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) आणि मृतसाठा ६३.६६ टीएमसी. म्हणजे तळातलं 'मेलेलं' पाणी वरच्या जित्या पाण्यापेक्षा जास्त. टक्के मोजतात ते वरच्या पाण्यावर, म्हणून मृतसाठ्यात हात घातला की आकडा शून्याखाली जातो. सगळा काठ त्याला 'धरण मायनसमधी गेलं' असं म्हणतो. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे ६० च्या घरात गेलं होतं. तिनं मांडलं : ५३.५७ चे ६० टक्के म्हणजे ३२.१४. ते ६३.६६ मधून वजा. उरलं साडेएकतीस टीएमसी. "म्हंजी मायनस साठ असून बी एवढं पाणी व्हतं?" शाळेत ऋण संख्या तिला संख्यारेषेवर शिकवल्या होत्या, शून्याच्या डावीकडं बाण काढून. त्यात तिला नापासाच्या कडेनं मार्क पडले होते. पण उणे म्हणजे 'काहीच नाही' असं नसतं, उणे म्हणजे कुठून मोजायला सुरुवात केली त्याच्या खाली, हे तिला त्या दिवशी असं कळलं की ती उठून आबांना सांगायला गेली. मग दुसरा प्रश्न तिनंच आणला. धरण १११ टक्के भरतं ते कसं? शंभराच्या वर टक्के असतात का? पुन्हा वही. ६३.६६ अधिक ५३.५७ च्या १११ टक्के, म्हणजे १२३ टीएमसी. जुळलं. तिला ते जुळल्याचा जो आनंद झाला, तो मी कुठल्या निकालाच्या दिवशी पाहिलेला नाही.

पावसाळ्यात आकडे उलटे फिरायला लागतात. इथं पाऊस बेताचा, आणि आभाळ कोरडं असताना पाणी बांध चढून येतं. पडलेलं असतं ते भीमाशंकरच्या, लोणावळ्याच्या, पानशेतच्या डोंगरात. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, घोड हे सगळं भीमेत येतं आणि दौंडवरून खाली उतरतं. म्हणून जुलै-ऑगस्टात पारावर, डेअरीवर, टपरीवर एकच चौकशी : "दौंडला किती?" उत्तर क्युसेकमध्ये. हा शब्द आमच्याकडं म्हाताऱ्या बायकाही वापरतात. भाचीनं विचारलं, एक क्युसेक केवढं असतं? सेकंदाला एक घनफूट, असं सांगून भागलं असतं. आम्ही उसाला पाणी सोडलेल्या चारीवर गेलो. दीड फूट रुंद चारी, पाणी अर्धा फूट. तिनं वाळलेली काडी सोडली आणि मोबाइलवर सेकंद मोजले. सेकंदाला साधारण एक फूट. दीड गुणिले अर्धा गुणिले एक : पाऊण क्युसेक. वरचं पाणी तळच्या पाण्यापेक्षा जोरात पळतं, म्हणून काडीचा वेग थोडा कमी धरावा लागतो, हे मी तिला सांगितलं आणि तिनं ते आबांकडून तपासून घेतलं. आबा म्हणाले, "व्हय, तळाला पाणी जड चालतं." मग तिनं दौंडचा एक लाख क्युसेकचा दिवस घेतला आणि असल्या किती चाऱ्या होतील ते काढलं : एक लाख तेहतीस हजारांच्या वर. आणि चोवीस तासांत एक टीएमसी यायला दौंडला किती हवं? ११,५७४ क्युसेक. हा आकडा तिनं पारावर सांगितला. आता पावसाळ्यात लोक तिला विचारायला येतात, आज दौंडला एवढं आहे, मग उद्या किती वाढेल? ती आवकेतून विसर्ग वजा करून सांगते. बापे लोक पोरीला विचारायला येतात, ही गोष्ट मला त्या गणितापेक्षा मोठी वाटते, आणि गणिताशिवाय ती झाली नसती.

घरच्या शिक्षणाबद्दल बोलणारे 'मुलांची आवड शोधा' असं सांगतात. त्यात आवड म्हणजे छंद, असं धरून चाललेलं असतं : चित्रकला, गिटार, रोबोट. आमच्या घरात छंदाला जागा नव्हती आणि पैसाही. पण आकडा होता, आणि तो आकडा ज्याला वाचून दाखवायचा ते माणूस होतं. तिची आवड त्या नात्यात रुजलेली होती. मला वाटतं, खेड्यातल्या बहुतेक मुलांची आवड अशीच कुठल्यातरी कामात, कुणाच्यातरी जवळिकीत असते. आपण तिला काम म्हणतो आणि पुढं जातो.

आकड्यांतून इतिहास निघाला तोही असाच. पाणी फार खाली गेलं की पलीकडं पळसदेवचं जुनं दगडी देऊळ वर येतं, पळसनाथाचं. गाळातून शिखर, मग मंडप. लोक ट्रॅक्टर घेऊन बघायला जातात. भाचीनं विचारलं, किती टक्क्यांना देऊळ दिसतं, आणि किती टक्क्यांना आपलं जुनं गाव? आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग जमिनीवर काडीनं रेघा ओढायला लागले. इथं वेस, इथं मारुती, इथं आड, इथं तुझ्या पणज्याचा गोठा. तिनं तो नकाशा कागदावर उतरवला. पहिल्यांदा दिशा चुकल्या, नदी उलटी वाहिली. आबांनी दुरुस्त केल्या. मग ती गावातल्या म्हाताऱ्यांकडं नकाशा घेऊन फिरली आणि प्रत्येकानं एकेक घर भरलं. एका आजीनं तर कुठल्या दारात कोणती कोरांटी होती तेही सांगितलं. त्या आठवणी तिनं लिहून घेतल्या, ज्या बोलीत सांगितल्या त्याच बोलीत. निबंधाच्या वहीत 'पाणी हेच जीवन' लिहिणारी पोरगी आता एक पान लिहायला चार दिवस घ्यायला लागली, कारण सांगणाऱ्याचं तोंड तिला डोळ्यांपुढं दिसत होतं. तिचं मराठी माझ्या डोळ्यांदेखत मोठं झालं. पाठ्यपुस्तकातल्या शुद्धलेखनाच्या नियमांकडं ती त्यानंतर आली, आणि गरज म्हणून आली.

आणि पक्षीसुद्धा शेवटी आलेच, पण पाण्याच्या आकड्याला धरून. ज्या वर्षी धरण तुडुंब, त्या वर्षी रोहित उशिरा येतात, कारण त्यांना उथळ काठ आणि चिखल लागतो. चोच उलटी पाण्यात घालून ते शेवाळातलं बारीक खाणं गाळून घेतात. पाणी ओसरून चिखलाचा पट्टा उघडा पडला की त्यांचं ताट वाढलं जातं. हे तिला आकड्याच्या शेजारी पक्ष्याची नोंद ठेवता ठेवता उमगत गेलं. पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात, हे वाचून तिनं नकाशा काढला आणि मध्य आशियापर्यंत बोट नेलं. पुण्याचं सांडपाणी इथं येतं, उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं, जलपर्णी माजते, सकर मासा जाळी फाडतो : यातला एकेक प्रश्न जीवशास्त्राचा, रसायनाचा, नागरिकशास्त्राचा. वडाप जाळ्यानं बारकी पिल्लं उपसली तर पुढच्या वर्षी काय मिळणार, हा तर थेट घरच्या चुलीचा.

आमच्या सोलापूर जिल्ह्याला असं शिक्षण परकं नाही. मारुती चितमपल्ली सोलापूरचे, १९३२ सालचा जन्म. लहानपणी आईबरोबर, मामाबरोबर रानं तुडवता तुडवता त्यांना झाडंपाखरं ओळखू यायला लागली. पुढं वनखात्यात गेले, आणि नवेगावबांधला माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणत्या माणसाकडं, तिथल्या ढिवरांकडं, आदिवासींकडं शिकत राहिले. त्यांचा पक्षिकोश या जिभांवरून आलेल्या नावांनी भरलेला आहे. अधिकारी होऊनही शिकाऊ राहता येतं, हे त्यांच्याकडं बघून कळावं. २००६ मध्ये सोलापूरच्याच साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि जून २०२५ मध्ये सोलापुरातच गेले. त्या दिवशी मी भाचीला त्यांच्याबद्दल सांगितलं. तिनं विचारलं, "ते आबांसारख्यांकडं शिकायचे?" हो, आबांसारख्यांकडं.

मुंबईच्या मालविका जोशीची गोष्ट वर्तमानपत्रांतून सगळ्यांना माहीत झाली. सातवीनंतर शाळा सोडली, घरी शिकताना प्रोग्रॅमिंगमध्ये रमली, आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये दहावी-बारावीच्या कागदाविना अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळवला. ती गोष्ट खरी आहे, आणि मोठी आहे. पण ती काठावरच्या पोरीपुढं मापासारखी ठेवायला माझं मन घेत नाही. मला जास्त जवळची वाटते ती कोसबाडची कुरणशाळा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ओळखलं, की गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळेनं कुरणावर जावं. त्या दोघींनी मुलांचं काम बंद करायला सांगितलं नाही. कामाच्या शेजारी जाऊन बसल्या.

तरी घरी सगळं होतं असं मी म्हणणार नाही. प्रयोगशाळा नाही. इंग्रजी माझ्याच्यानं जेवढं होतं तेवढंच. आणि मैत्रिणी. संध्याकाळी हायस्कूलची एसटी आली की ती दारात उभी राहून उतरणाऱ्या पोरी बघते, त्या डब्यातलं, परीक्षेतलं, कुणाच्या भांडणातलं काहीबाही बोलत जातात. ती उणीव खरी आहे आणि तिला कुठल्याही वहीत उत्तर नाही. म्हणून आम्ही शनिवारी दुपारी त्या पोरींना घरी बोलावतो. नकाशावर त्यांच्याही आज्यांची घरं भरायची आहेत.

कागदाचं मात्र आधीच पाहून ठेवलं. खासगीरीत्या दहावीला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा आहे, तीत विषय निवडता येतात आणि एकेक करून सोडवताही येतात, मराठीतून लिहिता येतं. पुढं नाशिकचं मुक्त विद्यापीठ, १९८९ सालचं. त्याला यशवंतराव चव्हाणांचं नाव आहे, आणि आमच्या दारापुढच्या पाण्यालाही, यशवंतसागर. ज्या पाण्यानं आबांचं गाव बुडवलं आणि ज्या विद्यापीठात त्यांची नात जाऊ शकेल, त्या दोहोंवर एकच नाव. आबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग फी माफ करत्याल का?"

तिनं मुक्त विद्यालय निवडलंय. गणित, विज्ञान आणि मराठी आधी देणार, इंग्रजी थांबवणार. त्याचं कारण तिनं आईला स्वतः पटवून दिलं. सध्या तिला एकच लागून राहिलंय : दौंडला विसर्ग मोजतात कसा? तिथं कुणी माणूस उभा असतो का, आणि रात्री कोण मोजतं? पुढच्या आठवड्यात आम्ही जेऊरहून गाडीनं दौंडला जाणार आहोत. पुलावर उभं राहून पात्र बघायचं, आणि जमलं तर मोजणाऱ्या माणसाला गाठायचं. तिनं विचारायच्या गोष्टी लिहून काढल्यात. आबाही येतो म्हणताहेत. सगळ्या जन्मात त्यांनी दौंडचा आकडा ऐकला, पण दौंडची नदी पाहिलेली नाही.